कोपरातल्या तारा

माझी मुलगी घसरगुंडीवरून पडली आणि तिचं कोपर मोडलं. ऑपरेशन करून त्यात तारा घालणारे डॉक्टर दर भेटीत आईबापांवर खेकसायचे, "रडताय कशाला? हाड तुमचं मोडलंय व्हय?" मुलांशी मात्र अदबीनं बोलायचे, "या पावणं, बसा की."

तारांची टोकं कातडीबाहेरच होती. त्या ओढून काढायच्या दिवशी मुलगी हात पोटाशी धरून बसली. काही केल्या सोडेना.

"आपण वरडूया," डॉक्टर म्हणाले. "बघू, कुणाचा आवाज मोठा हाय."

दोघं असे ओरडले की बाहेर बसलेली माणसं दाराशी गोळा झाली. मी डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा तारा ट्रेमध्ये होत्या.

"हरलो बघा," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

मुलगी ऐटीत म्हणाली, "मग काढा की आता तारा!"