दोन दारांचा डेल्बर्ट

कोलोरॅडोच्या डोंगरातल्या त्या गावात हॉटेलांचे बंब दुरुस्त करण्यात डेल्बर्ट कूगनची हयात गेली. गार पाण्याने अंघोळ झाली की लोकांना तो आठवे, एरवी नाही. पण घाटात शिरला की गडी राजा, कारण बुडाखाली दोन दारांची आखूड जीप. चार दारांच्या जीपला तो 'बस' म्हणायचा. शेजारच्या वेंडेलने तसली आणली, तेव्हा डेल्बर्टने गाडीभोवती फेरी मारून गंभीरपणे विचारलं होतं, की तिकीट कुठे मिळतं. समोरून जीप आली की हात वर करायचा, हा तिथला रिवाज. डेल्बर्ट दोन दारवाल्यांना पुरता पंजा दाखवायचा, चार दारवाल्यांची दोन बोटांवर बोळवण करायचा.

या वसंतात त्याची जीप गेली. खालची चौकट गंजून इतकी पोकळ झाली होती, की मेकॅनिकचा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. डेल्बर्ट दोन दिवस जेवला नाही धड. मग नवीन घ्यायची ठरली, अर्थात दोन दारांचीच. बटाटे वाढता वाढता त्याची बायको इर्मा म्हणाली, "या वेळी चार दारांची घेऊ या."

झालं. डेल्बर्टने तिला लांब गाडीची सगळी कुंडली ऐकवली. दगडावर पोट घासतं, घाटाच्या वळणात मावत नाही, कड्याच्या टोकावर मागेपुढे करत बसावं लागतं. इर्माने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं. तिचा गुडघा दुखत असेल म्हणून त्याने पायरी बसवून देतो म्हटलं. गुडघा ठणठणीत होता. कारण काही सांगेना बाई. बसमध्ये बसलेला डेल्बर्ट म्हणजे नुसता बंबवालाच की.

जूनअखेर बर्फ हटवून घाट उघडला, तेव्हा त्याने वेंडेलचीच गाडी मागून आणली. एक चक्कर झाली की हिची खोड मोडेल, असा त्याचा हिशेब.

तिसऱ्या वळणावर गाडी अडकली. अगदी त्याच्या मनासारखी. आता कुणीतरी उतरून दिशा दाखवणं भाग होतं. इर्मा उतरली, पुढे जाऊन चढावर उभी राहिली. अशा वेळी चालवणाऱ्याने फक्त समोरच्याच्या हाताकडे बघायचं असतं. डेल्बर्टने तरीही मान बाहेर काढून कड्याकडे पाहिलंच.

"तिकडे नाही. माझ्या हाताकडे बघ," इर्मा म्हणाली. आवाज असा, की त्याने गपकन मान आत घेतली.

तिने त्याला मागे घेतलं, थांबवलं, चाक डावीकडे वळवायला लावलं, पुन्हा मागे. तीन खेपांत गाडी वळली. इर्मा धापा टाकत आत येऊन बसली. गाल लाल झाले होते, आणि बया चक्क हसत होती.

"बघितलंस?" डेल्बर्ट म्हणाला. "आपली असती तर एका दमात वळली असती. तुला उतरावंसुद्धा लागलं नसतं."

"तेच तर म्हणते मी. एकतीस वर्षं तुझ्या शेजारी बसले, डेल. एकदा तरी उतरावं लागलं मला? सँडविचचा डबा सांभाळला नुसता."

डेल्बर्टने गाडी हळूहळू पुढे काढली. इतक्या वर्षांत वळणं सगळी पाठ झाली होती त्याला, आणि शेजारी बसलेलं माणूस तेवढं राहून गेलं होतं. फार वाईट वाटलं त्याला.

पुढचं वळण चांगलं ऐसपैस होतं. वेंडेलसुद्धा तिथून शीळ घालत जायचा. डेल्बर्टने गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"इर्मा, मला काही अंदाज येत नाहीये. उतरतेस का जरा?"

इर्माने रुंद वळणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि दार उघडून खाली उतरली.