प्रणालीच्या शाळेचा रस्ता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं, चंद्रकलाचं नाव सांगतो. सातवीतून शाळा सोडून ती विड्या वळायला बसली, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. आज आमगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. ताईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. या जूनमध्ये पहिल्यांदाच मागितलं.

तिची मुलगी प्रणाली दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि भिलाईच्या एका शाळेत अकरावी विज्ञानाला तिचा नंबर लागला. राहायची सोय सेक्टर ६ मध्ये आमच्या आत्याच्या क्वार्टरमध्ये होती. पण शाळा दुसऱ्या सेक्टरात, आणि जायचं सायकलने. चार वर्षांपूर्वी प्रणालीचे बाबा संध्याकाळी सायकलवरून घरी येत होते. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. ट्रकवाल्याला ते दिसलेच नाहीत. तेव्हापासून ताईने घरात सायकल येऊ दिलेली नाही.

"तू जाय, तो रस्ता पाहून ये," ती म्हणाली. "अन् फोनवर सांगू नको. फोनवर तू गोड बोलतं. कागदावर लिही. मी दोनदा वाचीन, मंगच पोरीचं ठरवीन."

माझी शाळा उघडायला अजून दहा दिवस होते, तिकडच्या शाळा मात्र सुरू झाल्या होत्या. सकाळची पॅसेंजर धरली. सालेकशानंतर जंगल लागतं, मग बोगदा, आणि डोंगरगड आलं की डब्यातली भाषा बदलते. दुपारी भिलाई नगरला उतरलो तेव्हा ऊन डोळ्यांत जात होतं, पण सेक्टरचे रस्ते रुंद आणि दोन्ही बाजूंना झाडं. एकसारखी क्वार्टरं, त्यांवर आकडे. आत्याने आल्या आल्या फरा (तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या) आणि टमाट्याची चटणी पुढ्यात ठेवली.

फुफाजी (आतोबा) भिलाईच्या पोलाद कारखान्यात मिलमध्ये आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. मी का आलो ते ऐकून त्यांना हसूच आलं.

"लेका, तीस वर्सं झाले, याच रस्त्यानं जाऊन राहिलो. तू कायची तपासनी करतं? कलेक्टर झाला का?"

"त्याले करू द्या," आत्या म्हणाली. "चंदानं पाठवलं त्याले."

मी ठरवलं होतं, चार दिवस शाळेच्या वेळेला तो रस्ता पाहायचा. आत्याच्या शेजाऱ्यांची सायकल मिळाली. सकाळी रस्ता इतका निवांत होता की वहीत लिहायला काही सापडेना. दुसऱ्या दिवशी शाळेपर्यंत जाऊन लगेच परत येताना चौक ओलांडायचा कंटाळा आला, म्हणून इतर लोक जात होते तसा मीही उजव्या कडेने निघालो. कोपऱ्यावरच्या वाहतूक पोलिसाने हात आडवा केला.

"कहाँ के हो?"

"आमगाव. मास्टर हूँ."

"मास्टर होके उल्टी साइड? वाह! बच्चों को भी यही पढ़ाते हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माझं काम सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला. त्याने सायकल उभी करायला लावून घंटी वाजवून पाहिली, दोन्ही ब्रेक दाबले, मागचा लाल रिफ्लेक्टर आपल्या रुमालाने पुसला. मग त्याने नियम बजावले: डावीकडूनच चालवायचं, तिघांनी बरोबरीने जायचं नाही, वळण्याआधी हात दाखवायचा. हे सगळं मी मुलांना शिकवलेलं होतं, आणि त्यातलं एक मी नुकतंच मोडलं होतं.

"सुबह का देख के मत जाओ," तो म्हणाला. "डेढ़ बजे आओ. तब असली रोड दिखेगा."

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी फुफाजींसोबतच निघालो. त्यांची दोनची शिफ्ट होती. शाळाही त्याच सुमारास सुटते. सगळ्या सेक्टरांतून सायकली आणि स्कूटर गेटकडे लोटत होत्या, आणि त्यांना छेदत मुलं घरी चालली होती. मला एक नवल दिसलं. कामगारांची हेल्मेटं डोक्यावर नव्हती, हँडलला लटकत होती. कारखान्याचा नियम असा की सायकलवाल्यालाही हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून गेट दिसू लागलं की सगळे एकदम हेल्मेट चढवतात. शिफ्ट सुटल्यावर बाहेर आले की पुन्हा हँडलला.

"फुफाजी, आताच घाला ना," मी म्हणालो.

"कावून? आपलं डोस्कं कारखान्याचं हाय, रस्त्याचं थोडीच!"

बाजूचे दोघं खदखदून हसले. तेवढ्यात आम्ही चौकात शिरलो. फुफाजींनी वळायला हात बाहेर काढला, हँडल झुकलं आणि लटकत्या हेल्मेटचा पट्टा पुढच्या चाकाच्या तारांत गुंतला. चाक जागच्या जागी अडकलं. फुफाजी हँडलवरून पुढे पडले. मागच्या स्कूटरवालीने कचकन ब्रेक मारला. तिचं चाक त्यांच्या डोक्यापासून हातभर दूर थांबलं.

कोपर सोलवटलं होतं, कपाळावर टेंगूळ आलं होतं. बाकी काही नाही. त्यांनी पट्टा सोडवला, आधी हेल्मेट डोक्यात घातलं, मग सायकल उचलली.

रात्री जेवताना आत्या हळूच म्हणाली, "बापू, हे चंदाले लिहू नको. पोरीचं शिक्षण बुडन."

मलाही प्रणालीने शिकावं असंच वाटत होतं. तरी जेवण झाल्यावर मी ते सगळं वहीत लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी फुफाजी क्वार्टरच्या फाटकातच हेल्मेट घालून उभे. समोरच्या क्वार्टरमधला कामगार ओरडला, "का हो भाऊ, घरापासूनच ड्यूटी चालू?"

"चालू!" फुफाजी म्हणाले. "तूही घाल. काल माह्यं डोस्कं रस्त्यावरच होतं."

त्या दिवशी अडीचनंतर मी पुन्हा चौकात उभा राहिलो. गर्दी ओसरली होती.

परतीच्या गाडीत विचार करत होतो की नियम मला तोंडपाठ होते, फुफाजींनाही होते. ते पाळायला आम्हाला कुणीतरी पाहणारं लागत होतं, त्यांना गेटवरचा गार्ड, मला चौकातला पोलिस. डोंगरगड जाईपर्यंत पत्र लिहून झालं. आमगावला उतरल्यावर ते पेटीत टाकलं, ते असं:

प्रिय ताई, जयभीम.

चार दिवस रस्ता पाहिला. सकाळी तो सोपा आहे. दुपारी दीड ते सव्वादोन धोक्याचा आहे. बुधवारी त्याच वेळी फुफाजी माझ्यासमोर चौकात पडले. थोडक्यात वाचले. आत्या म्हणाली हे लिहू नको, म्हणून हेच आधी लिहिलं.

शाळा सुटल्यावर प्रणालीने अडीचपर्यंत वाचनालयात बसायचं, मग निघायचं. चौकात सायकलवरून उतरून, हातात धरून ओलांडायचं. मागे रिफ्लेक्टर, घंटी, दोन्ही ब्रेक मी स्वतः बसवून देईन. रस्त्यावर सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती नाही, पण तिला घरातून घालूनच निघावं लागेल. एवढं करूनही धोका संपतो असं मी लिहिणार नाही.

माझं मत विचारशील तर, तिला पाठव. पण आधी तू ये. दीड वाजता त्या चौकात माझ्याशेजारी उभी राहा. पाहून झाल्यावर तू नाही म्हणालीस, तर मी प्रणालीची समजूत घालीन, तुझी नाही.

तुझा,
बापू