तिसऱ्यांचं पाणी

"क्रिप्टोस्पोरिडियम," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं: आतड्यात घर करणारा सूक्ष्म परजीवी. धडधाकट माणूस त्यातून आपोआप बरा होतो. पण माझ्या पोटात आईनं दिलेली किडनी आहे, आणि ती टिकावी म्हणून मी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो.

जुलाब थांबत नव्हते. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, त्यामुळे डाळिंबाच्या सालीपर्यंत सगळं पोटात गेलं होतं. साध्या तपासणीत काही दिसेना. या जीवासाठी स्पेशल स्टेन, म्हणजे वेगळा रंग घालून स्लाइड बघावी लागते. प्रत्यारोपण झालेल्यांनी ही तपासणी जरूर मागून घ्यावी.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा आकडा, चढत होता. गोळ्या कमी केल्या तर शरीर किडनी नाकारण्याची भीती, नाही केल्या तर परजीवी हटेना. मी घाबरलो होतो.

डॉक्टरांनी खाण्याची चौकशी केली. शेजारी बसलेल्या आईनंच सांगितलं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. पुण्याजवळच्या मांजरी गावात राहायला आलो तरी जीभ तिकडचीच. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आई सहज उघडाव्यात म्हणून थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवून मग विळीवर फोडते. त्यातलं पाणी ताकदीचं, आणि उकळलं तर त्याचा कस जातो, असं आमच्या घरात मानतात. तिनं ते नुसतं कोमट करून मला पेलाभर पाजलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. शिंपली पाणी गाळून जगते, सांडपाण्यातली घाणही तिच्या कल्ल्यांत साठते, म्हणाले. घरी फ्रीझरमध्ये उरलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतील, पण उपचार तेच राहतील. मी लगेच नको म्हणालो. आईला पुरावा कशाला दाखवायचा?

"द्या तपासायला," आई म्हणाली. "माझ्यामुळे झालं असेल तर मला कळू दे. आज आणखी कुठली आई पेला भरत असेल, तिला काय सांगू मी?"

कल्ले धुऊन, गाळ रंगवून पाहिला. तोच परजीवी निघाला.

गोळ्या जपून कमी केल्या, औषध चालू झालं. आईला घास उतरेना. हळूहळू जुलाब थांबले, क्रिएटिनिन खाली आलं. किडनी वाचली.

आता मासळीबाजारात तिसऱ्या घेणाऱ्या अनोळखी बायकांना आई थांबवते. "खळखळून उकळा हो. मी माझ्याच पोराला कच्चं पाणी पाजलं." कुणी हसतं, कुणी तोंड फिरवतं. किडनी दिली तेव्हा सगळे तिला धीट म्हणाले होते. मला ती इथे जास्त धीट वाटते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मी पिशवी धरून तिच्या शेजारी उभा राहतो.