खडूने आखलेलं घर

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने मोटारीमागे ओढून न्यायचं छोटं फिरतं घर बनवायचं मनावर घेतलं. बिछाना, ओटा, कपाट असे सुटे भाग, हवे तसे जोडता येणारे. परवा सकाळी गच्चीवर गेले, तर त्याने ते जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखलं होतं आणि बिछान्याच्या चौकोनात अंग चोरून आडवा झाला होता.

"ये, तुझी बाजू बघ."

खुब्याच्या ऑपरेशनपासून मी गुडघ्यांत उशी घेऊन कुशीवरच झोपते. तशी झोपून पाहिली, तर गुडघे रेघ ओलांडून ओट्यात गेले. त्याने उठून ओल्या फडक्याने ओटा पुसला आणि माझी रेघ वीतभर सरकवली.

"आणि स्वयंपाक?"

"मागचं दार छपरासारखं वर उघडेल. त्याखाली उभा राहून मी करीन."

आजवरच्या प्रत्येक घरात मीच स्वतःला बसवून घेत आले. उंच फळ्यांना स्टूल लावलं, अरुंद मोरीत तिरकी बसले. घरही माणसाच्या अंगाने बेतता येतं, हे साठीनंतर कळत होतं.

ऊन चढलं. "उठायला हात देऊ?" त्याने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं, "खिडकी कुठे हवी ते बघू दे."