ईश्वरीचं खरं वजन

सगुणाबाई दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नाहीत. मखमलाबादला त्यांचा दीड एकराचा मळा आहे. त्यात मेथी, कोथिंबीर, गिलकी आणि बांधाच्या कडेनं झेंडू. पस्तीस वर्षं त्या दर बुधवारी गंगेवरच्या, नदीकाठच्या बाजारात भाजी घेऊन बसतात. एवढ्या काळात त्यांनी पारड्याखाली चिकटवलेली चिंच पाहिली, आतून पोखरलेली वजनं पाहिली, आणि इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा त्यांच्यातही कशी गडबड करतात तेही पाहिलं. त्यामुळे समोरचा माणूस काही मोजायला लागला की त्या त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात.

ही सवय बाजारापुरती राहिली नाही. दूधवाला पाणी घालतो, गॅसची टाकी हलकी येते, शेजारची पुंजाबाई आपली पाण्याची पाळी संपली तरी मोटार बंद करत नाही, असं त्यांचं दिवसभर चालायचं. मुलगा अमोल सातपूरला कारखान्यात पाळीनं जातो, सून दीपमाला पेठ रोडच्या एका शाळेत ऑफिसात काम करते. दोघं हे हसण्यावारी न्यायचे. त्यांची मुलगी ईश्वरी दिवसभर आजीपाशी असायची, आणि तिच्या बाबतीत मात्र सगुणाबाईंनी कुणाला बोलायची सोय ठेवली नव्हती.

ईश्वरी दीड वर्षाची झाली तेव्हा दीपमालानं शनिवारची सुट्टी बघून दवाखान्यात जायचं ठरवलं. अमोलची पहिली पाळी होती, म्हणून तिनं सासूला सोबत यायला सांगितलं.

"पोरगी आजारी हाय का?" सगुणाबाईंनी विचारलं.

"नाही. तशीच न्यायची असते, आई. लस आहे, वजन-उंची बघतात, काही कमीजास्त असलं तर वेळेवर कळतं."

"म्हंजे चांगल्या पोरीत आजार हुडकायला जायचं."

दीपमालानं ईश्वरीचं कार्ड पिशवीत टाकलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखाना पेठ नाक्याजवळ होता. डॉक्टर योगिनी पगार मूळच्या कळवणच्या, चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. बाहेर वीस-बावीस पोरं आणि त्यांचे आईबाप बसले होते. आत जायच्या आधी पिंकी नावाची मुलगी एकेकाचं वजन करून कार्डावर लिहीत होती. ईश्वरीला काट्यावर ठेवताच तिनं कमान केली, पाय झाडले, भोकाड पसरलं. काट्यावरचे आकडे वरखाली पळू लागले. पिंकीनं तिला लगेच उचलून दीपमालाकडे दिलं आणि लिहिलं, नऊ किलो नऊशे.

डॉक्टरांनी छाती तपासली, कार्डावरच्या रेषा पाहिल्या, जेवते का विचारलं. दीपमाला म्हणाली, "थोडं कमीच जेवते, पण खेळते." आकडा चांगला होता. लस टोचली आणि तिघी बाहेर पडल्या.

परतताना रिक्षा मिळेना. ईश्वरीला कडेवर घेऊन सगुणाबाई नाक्यापर्यंत चालल्या आणि मध्येच थांबल्या.

"ही दहा किलोची पोरगी नाय."

"आई, आत्ताच वजन केलंय."

"त्या पोरीनं काट्याकडं पाह्यलंच नाय. मागच्या टायमाला काय लिव्हलंय ते कार्डावर पाह्यलं आन् मंग लिव्हलं. मी तिच्या हाताकडंच बघत व्हते, तो कार्डावरच व्हता."

"रडत होती, म्हणून घाई केली असेल."

"दिवाळीत बांधलेला करदोटा हाय हिच्या कमरेला. माघ संपत आला, अजून गाठ सैल करायची येळ आली नाय. आन् पोरगी किलो-दीड किलोनं वाढली म्हंते."

करदोट्याचं बोलणं दीपमालाच्या मनात राहिलं. घरी आल्यावर सासूनं ओसरीतला भाजीचा काटा अंगणात मांडला, त्यावर टोमॅटोचं रिकामं कॅरेट ठेवलं, तेव्हा ती नको म्हणाली नाही. कॅरेट ईश्वरीच्या ओळखीचं होतं. ती त्यात बसली आणि गप्प राहिली. सगुणाबाईंनी तिच्या हातातलं गाजरसुद्धा काढून घेतलं. कॅरेटचं वजन वजा करून आकडा आला आठ किलो आठशे. तीन वेळा केलं, तीनही वेळा तोच.

"तुमचाच काटा चुकत असेल," दीपमाला म्हणाली.

सगुणाबाईंनी घरातून मिठाचे न फोडलेले एकेक किलोचे पाच पुडे आणून कॅरेटच्या जागी ठेवले. काट्यावर पाच किलो आणि वर वीसेक ग्रॅम आलं, ते प्लास्टिकचं.

दीपमालानं कार्ड उघडलं. वाढदिवसाला ईश्वरी आठ किलो सहाशे होती. म्हणजे सहा महिन्यांत तिचं वजन जेमतेम पाव किलोनं वाढलं होतं. दीपमाला पायरीवर बसली आणि पोरीकडे बघत राहिली.

सोमवारी तिनं रजा टाकली. दवाखान्यात सगुणाबाई रांगेत थांबल्याच नाहीत. त्यांनी सरळ डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं.

"म्याडम, तुमच्या काट्यावर पोरीला परत ठिवा. तुम्ही सोता ठिवा."

डॉक्टर बाहेर आल्या. ईश्वरी पुन्हा रडायला लागली, तेव्हा त्यांनी दीपमालाला तिला घेऊन मोठ्यांच्या काट्यावर उभं राहायला सांगितलं, मग एकटीला. दोन आकड्यांमधला फरक आठ किलो आठशे निघाला.

"आता विचारा हिला," सगुणाबाई पिंकीकडे बोट करून म्हणाल्या. त्यांचा आवाज बाजारात कमावलेला होता, सगळ्या बाकांवर ऐकू गेला. "काट्याकडं न बघता लिव्हते ही. अजून किती पोरांचं असं लिव्हलं, ते विचारा. खोटारडी मेली."

पिंकी रडायला लागली. मुलं बसत नाहीत, मागे रांग असते, म्हणून कधी कधी अंदाजानं लिहिलं, असं ती म्हणाली. दोन-तीन आया उठून आपापली कार्डं पाहू लागल्या. डॉक्टरांनी पिंकीला आत पाठवलं.

"चूक आमची आहे, आजी," त्या म्हणाल्या. "आणि माझी जास्त. आकडा बरा दिसला म्हणून मी मुलीकडे नीट पाहिलं नाही."

एवढ्या लवकर कुणी चूक कबूल करतं, हेही सगुणाबाईंना खटकलं.

डॉक्टरांनी ईश्वरीची खालची पापणी ओढून पाहिली. तिचा तळवा दीपमालाच्या तळव्याशेजारी धरला, तेव्हा दोन्हींच्या रंगातला फरक कुणालाही दिसला असता. रक्त तपासायला पाठवलं. तासाभरात रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार होतं. अकराच्या वर हवं होतं.

"माती खाते का? भिंत चाटते?"

"कुंडीतली माती खाते," दीपमाला म्हणाली. "मला वाटलं, सगळीच मुलं खातात."

"दूध किती पिते? आणि चहा?"

"दूध दोन वेळा. चहा अजिबात नाही, मॅडम. आम्ही देतच नाही."

"बरं केलंत. चहानं भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. औषध दिलं तरी वाया जातं."

सगुणाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि बाहेरच्या बाकांकडे नजर वळवली.

ईश्वरीला दात यायच्या आधीपासून त्या तिला चहा देत होत्या. दीपमाला कामावर गेली की अकराला एकदा आणि दुपारी तीनला एकदा, बशीत दाट दुधाचा चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. पोरगी अर्धा-पाऊण तास निवांत बसायची. तेवढ्यात मेथीच्या जुड्या बांधून व्हायच्या. सूनबाई नाक मुरडेल म्हणून त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायचं तर बाहेर सगळे बसले होते. तासाभरापूर्वी त्यांच्यासमोरच त्या पोरीला खोटारडी म्हटलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मनाशी वेगळंच जुळवलं. डॉक्टरीण हुशार आहे, स्वतःची चूक झाकायला चहाचं नाव घेते. आपण चहावर वाढलो, अमोल चहावर वाढला, कुणाचं रक्त आटलं? तरी बशी त्यांनी अर्धी केली. पूर्ण बंद करायला गेल्या तर ईश्वरी चुलीपाशी लोळण घ्यायची आणि जुड्या तशाच पडून राहायच्या.

लोहाचे थेंब सुरू झाले. दीपमाला रोज सकाळी स्वतःच्या हातानं द्यायची. पोरीची शी काळी व्हायला लागली, तेव्हा सगुणाबाईंनी औषधाचाही संशय घेतला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून दीपमालानं लक्ष दिलं नाही. महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. सात पूर्णांक सहा.

डॉक्टरांनी मागचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवला. "एवढ्यात एक-दीडनं वाढायला हवं होतं. थेंब रोज देता ना?"

"एक दिवस चुकवलेला नाही," दीपमाला म्हणाली.

आता संशय घरात शिरला. दीपमालाला वाटलं, औषधच नकली असेल. अमोलला ते पटलं. बाटली नाक्यावरच्या संतोषच्या मेडिकलमधून आणली होती, आणि तीन महिन्यांपूर्वी संतोषशी त्याचं गाडी लावण्यावरून वाजलं होतं. रविवारी सकाळी त्यानं बाटली पिशवीत घातली, दोन मित्रांना फोन करून नाक्यावर यायला सांगितलं आणि मोटरसायकल बाहेर काढली.

"आज त्याला दुकानातून ओढतोच बाहेर," तो म्हणाला. "लेकराच्या औषधात भेसळ करतो."

सगुणाबाई कोथिंबिरीची माती झटकत बसल्या होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"थांब. औषध नकली नाय."

"तुला काय माहीत?"

"मी चहा देते तिला. रोज. दोन टायमाला."

अमोलनं गाडी बंद केली. दीपमाला ओट्यावर आली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दात यायच्या आधीपासून."

"मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच उभ्या होतात. मी तुमच्यासमोर सांगत होते, की देत नाही म्हणून."

"व्हते उभी."

"मग का नाही बोललात?"

सगुणाबाई हातांवरची माती चोळत राहिल्या. "त्या पोरीला मी सगळ्यांपुढं खोटारडी केलं व्हतं. मंग माझंच तोंड उघडंना."

दीपमालानं आरडाओरडा केला नाही. तिनं केला असता तर बरं झालं असतं, असं सगुणाबाई अजून म्हणतात. सोमवारपासून ईश्वरी शाळेजवळच्या पाळणाघरात जायला लागली. घर दिवसभर रिकामं. जुड्या आता कुणी ओढत नव्हतं, पण सगुणाबाईंकडून नेहमीच्या निम्म्यासुद्धा होत नव्हत्या. बाराव्या दिवशी ईश्वरीला सर्दी-खोकला झाला आणि पाळणाघरानं तिला परत पाठवलं. रजा शिल्लक नव्हती. दीपमालानं पोरगी सासूच्या हातात दिली, पण संध्याकाळी घरात आल्यावर चपला काढायच्या आधी तिला उचलून तिच्या तोंडाचा वास घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. शेजारच्या पुंजाबाईला तिनं हळूच विचारलेलंही सगुणाबाईंच्या कानावर आलं. पस्तीस वर्षं त्या लोकांच्या हाताकडे बघत आल्या होत्या. आता सून त्यांच्या हाताकडे बघत होती.

सर्दी बरी झाली तरी ईश्वरी घरीच राहिली. चहा सगुणाबाईंनी खरोखर बंद केला. ईश्वरीनं चार दिवस घर डोक्यावर घेतलं. तिला मळ्यात फिरवायचं, चिमण्या दाखवायच्या, कॅरेटमध्ये बसवून ओढायचं, यात त्यांचा बाजाराचा एक बुधवार चुकला. मोतिबिंदूच्या ऑपरेशनलासुद्धा त्यांनी तो चुकवला नव्हता.

त्यानंतर एका दुपारी ईश्वरीला घेऊन, कुणाला न सांगता, त्या रिक्षानं दवाखान्यात गेल्या. पिंकी तिथंच होती. तिची नोकरी गेली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण डॉक्टरांनी तिला ठेवलं होतं. आता रडणारं मूल ती आईला कडेवर घ्यायला लावून मोजत होती.

"म्याडमला बोलव," सगुणाबाई म्हणाल्या. "आन् तू पण हितंच थांब."

डॉक्टर आल्यावर त्यांनी बाकांवरच्या सगळ्यांसमोर सांगितलं, की चहा मी देत होते, सुनेला ते माहीत नव्हतं, मला विचारलं तेव्हा मी गप्प बसले. पिंकीनं मान खाली घातली आणि पेनाच्या टोपणाची काढघाल करत राहिली. माफी वगैरे शब्द सगुणाबाईंच्या तोंडून निघाला नाही.

डॉक्टरांनी त्यांना आत नेऊन बसवलं. कधी काय खायला द्यायचं ते सांगितलं: नाचणीची पेज, अंडं, मऊ खिचडीत पालेभाजी आणि वरून लिंबू, दूध बेतानं. "मेथी तर तुमच्याच मळ्यात आहे, आजी."

"लिंबू कशाला?"

"भाजीतलं लोह अंगी लागतं त्यानं."

सगुणाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. लिव्हून द्या. सूनबाईला दाखविते."

पुढच्या तपासणीत रक्त नऊच्या वर गेलं. मग दहा. माती खायची सवय आपोआप सुटली. करदोट्याची गाठ सोडून नवी बांधावी लागली. दीपमालानं वास घ्यायचं कधी थांबवलं ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. त्या दोघींमध्ये पहिल्यासारखं मोकळं बोलणं यायला मात्र पावसाळा उजाडला.

श्रावणात ईश्वरी दोन वर्षांची झाली. तपासणीला तिघी गेल्या. वजन दहा किलो शंभर, हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक तीन. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय काय खाते?"

दीपमाला म्हणाली, "आईंना विचारा. दिवसभर त्यांच्याकडेच असते."

सगुणाबाईंनी सकाळच्या पेजेपासून सांगायला सुरुवात केली. मधे परवा दिलेला अर्धा पेढासुद्धा सांगितला. डॉक्टर लिहीत होत्या. तेवढ्यात पिंकी जंताचं औषध घेऊन आली आणि बाटलीचं बूच उघडू लागली.

"तारीख वाच आधी," सगुणाबाई म्हणाल्या.

पिंकीनं बाटली उजेडाकडे धरून तारीख वाचली. सगुणाबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली, दीपमालाकडे दिली आणि तिलाही वाचायला लावली. मग ईश्वरीला मांडीवर घेऊन तिचं तोंड उघडलं.