पांगाऱ्याला पाठ

"टेकू दे की सायबाला, चाचा. मंग कळंल पळस कोनचा ते."

भिवा हळूच बोलला, पण माझं स्टूल जवळच होतं. रहीमचाचा सुतार दाढीतल्या दाढीत हसले. "आन् न्हाई टेकला तर? पांगाऱ्याचं कडं सोडू का तुझ्या हिरीत?"

फाल्गुनात धारूरच्या डोंगरात आमचा कॅम्प होता. मी जंगल खात्यासाठी झाडांची चित्रं काढायचे. हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकले होते, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की कुठल्याच भाषेत शब्द सुचत नसे.

प्रकरण विहिरीचं होतं. भिवाच्या वस्तीची नवी विहीर खणताना तळाला वाळू लागली. अशा वेळी आधी लाकडाचं गोल कडं खाली सोडतात आणि त्यावर दगड रचतात. पळसाचं लाकूड पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतं. पांगाऱ्याचं इतकं मऊ, की त्याची खेळणी करतात. ते कुजलं की बांधकाम खचलंच. परमिट पळसाचं मिळालं होतं. पुन्हा मागायचं तर पुढचा उन्हाळा उजाडला असता. तोडायच्या झाडांवर गेरूची खूण करायला खात्याचे नवे साहेब आले, त्यांनी लांबून लाल फुलं पाहिली आणि ओढ्याकाठच्या पांगाऱ्यांवर खुणा करून टाकल्या.

चूक समजण्यासारखी होती. दोन्ही झाडं शेंगांच्या कुळातली. दोघांचं पान तीन दलांचं, आणि फाल्गुनात ती तीनही गळालेली. जवळून मात्र फरक दिसतो. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं, बुडाशी काळपट मखमली पेला. शेंग चपटी, टोकाला एकच बी. पांगाऱ्याच्या शेंगेत मण्यांसारख्या बिया, आणि सालीवर काटे.

भिवानं सकाळी सांगून पाहिलं होतं. "जंगल तू मला शिकवणार?" साहेब म्हणाले. मग वस्तीवरचं कुणीच बोललं नाही. साहेबाचा शब्द माणसानं खोडायचा नसतो. काट्यानं खोडला तर कुणाची हरकत नव्हती.

मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते आणि 'कॅलिक्स'पाशी, म्हणजे त्या मखमली पेल्यापाशीच, अडत होते.

साहेबांनी कपाळ पुसलं. "हं, चालवा कुऱ्हाड," म्हणाले आणि दमून टेकायला शेजारच्या पांगाऱ्याकडे पाठ केली. भिवाचे डोळे चमकले.

काटा टोचला असता तर साहेब चिडले असते, आणि चिडलेला साहेब खूण पुसत नाही.

"टेकू नका!" मी ओरडले. "काटे आहेत. पळसाला काटे नसतात, साहेब!"

साहेब वळले. काटा बोटानं चाचपला. खाली पडलेली गेल्या वर्षीची वाळकी शेंग उचलून सोलली. मग गेरूचा डबा भिवाच्या हातात दिला.

"चल, पळस दाखव."

"भिवा," चाचा म्हणाले, "आता लागलं तुझ्या हिरीला पाणी."

उतार चढताना साहेब माझ्यापाशी थांबले. हसू दाबत म्हणाले, "बाई, सकाळपासून इथंच बसला होतात. तेव्हाच का नाही बोललात?"

"सकाळी तुम्ही उभे होतात, साहेब."