नारळ पहिला, हत्ती शेवटी

मैसूरच्या गोकुलममध्ये योगाच्या चटयांच्या पिशव्या शिवणाऱ्या मावशींचा फोन कापड भिजवायच्या बादलीत पडला, तो बुधवार होता. सुती कापड आटतं म्हणून त्या ते आधी भिजवून, वाळवून मगच कापायला घेतात. बादलीवर वाकल्या आणि कमरेला खोचलेला फोन आत गेला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, पाहिला आणि परत दिला.

एरवी फोन गेला तर फोनच जातो. या फोनमध्ये नव्वद पिशव्यांच्या पैशांची किल्ली होती.

आम्ही उभं करत असलेली व्यवस्था अशी. मावशी बिल करतात, बिलावर एक चौकोनी खूण येते. परदेशातली योगशिक्षिका ती स्कॅन करते आणि डॉलरला बांधलेलं डिजिटल नाणं थेट मावशींच्या खात्यात येतं. मध्ये कोणी नाही. त्याचे रुपये करायचे, कर भरायचा, संपलं. पैसे फोनमध्ये नसतात. ते जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी मांडलेल्या वहीत असतात, आणि त्यांना हात लावायची किल्ली फोनमध्ये. फोन गेला तर किल्ली पुन्हा घडवायला बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते कागदावर लिहून ठेवायचे. कागद आहे तर पैसे आहेत.

म्हणून बुधवारी मी घाबरले नाही. मावशींचा कागद मीच लिहिला होता.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमागे मैसूरला आले आणि पंधरा वर्षं कडकोळच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. बेअरिंगपासून वॉशरपर्यंत कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, ते माझ्या याद्यांवरून आंधळ्यालाही सापडलं असतं. ती नोकरी सोडून मी शेजारच्या इंजिनिअरबरोबर भागीदारीत हे काम सुरू केलं, तेव्हा घरात हसं झालं. नवरा अजूनही विचारतो, "काय, आज मटक्याचा आकडा कुठला?" आमचे सीए म्हणाले, या वयात कशाला. मी दोघांची वाक्यं डायरीत लिहून ठेवली आहेत. बाजूला कामांची यादी आहे: पंचवीस कामं, अकरांवर टिक. बिल कन्नडमध्ये छापणं झालं. कराचा हिशेब आपोआप निघणं झालं. पहिला खरा ग्राहक झाला, म्हणजे मावशी.

गुरुवारी मी नवा फोन घेऊन त्यांच्याकडे गेले, मशीनच्या खणातला कागद काढला आणि बारा शब्द भरले. फोननं ते नाकारले. पुन्हा भरले. पुन्हा नकार. मग मी कागद नीट वाचला.

माझं अक्षर सुरेख आलं होतं. आणि बाराही शब्द ए पासून झेडकडे ओळीनं लावलेले होते.

हे शब्द ज्या क्रमानं मिळतात त्याच क्रमानं लागतात. मला माहीत नव्हतं असं नाही. दहा जणांना मी ते समजावलं होतं. पण माझ्या हाताला माहीत नव्हतं. मावशींचं खातं उघडलं त्या दिवशी मी शब्द आधी कापडाच्या नमुन्याच्या कागदावर खरडले, मग घरी बसून पक्की प्रत केली, आणि पंधरा वर्षं प्रत्येक पक्क्या प्रतीत जे केलं तेच केलं. अक्षरवार लावली. कच्ची फाडून टाकली. स्टोअरचा नियमच तो, दोन याद्या ठेवायच्या नाहीत.

मावशींना मी "उद्या येते" एवढंच म्हणाले आणि भागीदाराकडे गेले. त्यानं कागद पाहिला.

"सत्तेचाळीस कोटींच्या वर क्रम होतात, ताई. माझ्या कॉम्प्युटरला किती दिवस लागतील सांगता येत नाही. त्यांना तूर्तास सर्व्हर बंद आहे म्हणू या."

"म्हणणार नाही."

"मग एक ऐका. किल्ल्या यापुढे आपणच ठेवू. तो बेंगळुरूचा गुंतवणूकदार याच अटीवर अडलाय. लोकांना नाही जमत हे. तुम्हालाच नाही जमलं."

ते लागलं, कारण खरं होतं.

"किल्ल्या आपल्याकडे आल्या की आपण कोण झालो?" मी म्हटलं. "बँक. ती एक आहे मावशींच्या गल्लीत, चार मिनिटांवर. आणखी एक काढायला मी पगार सोडला नाही. चूक माझ्या हाताची आहे. शिक्षा त्यांच्या किल्लीला का?"

"आणि शनिवारी त्यांच्या तीन बायकांचा पगार?"



शुक्रवारी सकाळी मी गेले तेव्हा मावशी मशीनवर होत्या. त्यांचं घराणं मैसूरच्या जुन्या मराठी शिपायांचं. बोलणं घरचं मराठी, पण त्यात निम्मं कन्नड. मी उभ्यानंच सांगितलं.

"मावशी, चूक माझी झाली. मी शब्द ओळीनं लावले."

"ओळीनं लावणं चूक कशी व्हईल?"

"त्यांची मूळची ओळ वेगळी होती. ती मी मोडली."

त्यांनी पायडलवरचा पाय काढला. "म्हणजे कापलेले बारा तुकडे हाईत, पण कुठला कुठं जोडायचा ते गोत्तिल्ला."

"तसंच."

"एवढं शिकून, अक्का?"

"एवढं शिकून. उद्याचा पगार मी देते. पैसे सुटले की परत करा."

"बेडा." त्यांनी हात आडवा केला. "बायका इचारतील, तुमचे कुठं गेले? काय सांगू? मी काम केलंय. मला माझे पाहिजेत." मग म्हणाल्या, "पहिला नारळ होता."

"काय?"

"तुम्ही एकेक शब्द वाचून मला अर्थ सांगत होता, अल्वा? पहिलाच कोकोनट. मी म्हटलं, चांगलं झालं, नारळ फोडूनच सुरू. आणि सगळ्यात शेवटी आने, हत्ती. दसऱ्याच्या मिरवणुकीगत, मागनं हत्ती. मी हसले. तुम्ही नाही हसला. तुम्ही लिहीत होता."

मी तिथूनच भागीदाराला फोन लावला. पहिला नारळ, शेवटचा हत्ती, मधले दहा हलव. सत्तेचाळीस कोटींचे छत्तीस लाख झाले. त्यानं इंटरनेटची वायर काढून कॉम्प्युटर कामाला लावला. मावशींनी मला उप्पिट्टु दिलं. माझी बशी रिकामी व्हायच्या आत त्याचा फोन आला. क्रम सापडला होता.

पैसे लगेच नव्या किल्लीकडे हलवले. जुने शब्द आता निकामी आहेत, म्हणूनच त्यातले दोन इथे लिहिते. शनिवारी तिघींचे पगार झाले, मावशींच्याच पैशांतून.

त्याच दिवशी मी बेंगळुरूला दोन ओळींची मेल पाठवली: किल्ल्या ग्राहकांकडेच राहतील, आपली अट आम्हाला मान्य नाही. भागीदारानं ती वाचली आणि म्हणाला, "मेल अक्षरवार लावली नाहीत, ही प्रगती आहे." मग त्यानंही खाली स्वतःचं नाव टाकलं.

यादीत एक काम वाढलं, आणि ते मी आधी केलं. आता आम्ही जाड कागदाचं कार्ड छापून देतो. त्यावर एक ते बारा आकडे आधीच छापलेले असतात. ग्राहकानं स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या लिपीत लिहायचं. कच्ची नाही, पक्की नाही, एकच प्रत. मग आमच्यासमोर फोनमधली किल्ली पुसून टाकायची आणि कार्डावरून किल्ली पुन्हा घडवून दाखवायची. ते जमल्याशिवाय पहिलं बिल निघत नाही. नवरा म्हणाला, एवढ्या कटकटीत कोण येणार? सध्या सात जण आहेत. त्यातले तिघे मावशींनी पाठवले.

पहिलं कार्ड त्यांनीच भरलं, कन्नड अक्षरांत. नारळाच्या जागी या वेळी कुठला शब्द आला ते मला माहीत नाही. मी सवयीनं कार्डाकडे मान वळवली, तशी त्यांनी कात्रीनं खिडकी दाखवली.

"तिकडं बघा, अक्का. ठेवायचंय मला."

मी उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे एक पत्र्याचा डबा उघडला, मग काही सरकवल्याचा आवाज आला, मग दुसरं काहीतरी बंद झालं. मी वळले नाही.

"झालं?" मी विचारलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "जागा बदलते. तुम्ही कान देत होता."